शाळेतली थाळी



डिसेंबरचा पहिला पंधरवडा उलटला, की आमच्या वलगावात पेढी नदीच्या पुलाकडे माणसांची ये-जा वाढते. 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला तो येथेच, अमरावतीकडे नेले जात असताना, वाटेत. गावोगावी धर्मशाळा बांधणाऱ्या या माणसाने अखेरचा श्वास रस्त्यावर घेतला. आमच्या घराण्याचे किराणा दुकान याच गावात तीन पिढ्यांपासून आहे. त्यामुळे बाबांच्या गोष्टी आम्ही पुस्तकात वाचण्याआधी ओट्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकल्या. मुलीच्या बारशाला नातलगांना मांस-मद्याऐवजी गोडाचे साधे जेवण घालून बाबांनी भावकीचा रोष पत्करला होता, ही त्यांतलीच एक. आपल्या घरांत ती विशेष कौतुकाने सांगितली जाते, हे ओघानेच आले.

पण माझ्या मनात घर करून राहिली ती दुसरीच गोष्ट. कीर्तनात बाबा आईबापांना बजावत, की पैसा नसेल तर घरातली थाळी विका, भाकर हातावर घेऊन खा, परंतु पोराला शाळेत घातल्यावाचून राहू नका. शाळेसाठी थाळी विकायला सांगणाऱ्या बाबांना जाऊन जवळजवळ सत्तर वर्षे झाली. आज त्याच वलगावात, आणि देशभर, थाळीच शाळेत येऊन बसली आहे. पहिली ते आठवीच्या सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांना दुपारचे जेवण शाळेत मिळते. त्या थाळीत काय असते, आणि तिच्याशी आपल्यासारख्या व्यापारी घरांचा काय संबंध, हा या महिन्याचा विषय.

तो सुचला एका फजितीतून. गेल्या वर्षी वडिलांच्या पुण्यतिथीला गावातील एका शाळेत भोजन द्यावे असे घरात ठरले. योजनेत तशी तरतूद आहे. देशात तिला तिथी भोजन म्हणतात, महाराष्ट्रात स्नेहभोजन. वाढदिवस, स्मृतिदिन, लग्न अशा निमित्ताने कुणीही शाळेतील मुलांना जेवण देऊ शकतो. अट इतकीच, की हे जेवण शासनाच्या आहाराला भर म्हणून असावे, त्याच्या बदली नव्हे. आपल्या समाजाला स्वामीवात्सल्याची परंपरा असल्यामुळे पंगतीचे नियोजन आपल्याला कुणी शिकवायला नको. पुऱ्या, बिनकांद्याची भाजी, मसालेभात आणि प्रत्येकी दोन मोतीचुराचे लाडू असा थाट आम्ही केला. मुले आनंदली. छायाचित्रे निघाली. लाडू संपले, आणि भाजी व भात मात्र थाळ्यांत तसाच राहिला. जेवल्यावर थाळी धुऊन ते पाणी पिण्याची आपली रीत. तिच्यात वाढलेल्या माणसाला ते पाहवेना.

मी मागच्या बाजूला गेलो. स्वयंपाक करणाऱ्या बाई भांडी घासत होत्या. काहीतरी बोलायचे म्हणून विचारले, लाडू कसे झाले होते? त्या हात न थांबवता म्हणाल्या, "बेस झाले शेटजी. पन लाडू त सारेच देतेत. दाय कोनी देत नाई."

तुरीच्या मुलखात, डाळीच्या धंद्यात हयात घालवलेल्या माणसाला हे वाक्य ऐकावे लागले. त्या रात्री मी दुकानातले बिलबुक उलटे ठेवून त्याच्या पाठीवर हिशेब मांडला. वाचकही व्यापारी आहेत, म्हणून तो येथे देतो.

शासनाच्या निकषानुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल मिळावे, म्हणजे त्याच्या पोटात 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने जातात. सहावी ते आठवीसाठी हेच प्रमाण 150 ग्रॅम धान्य, 30 ग्रॅम डाळ, 75 ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल आणि 700 कॅलरी, 20 ग्रॅम प्रथिने असे आहे. धान्य सरकार देते. उरलेल्या जिन्नसांसाठी आणि जळणासाठी मे 2025 पासून लहान मुलामागे दिवसाला 6 रुपये 78 पैसे, मोठ्यामागे 10 रुपये 17 पैसे असा दर आहे. भाव रोज हलतात, पण सोयीसाठी डाळ 120 रुपये किलो धरा. 20 ग्रॅमचे 2 रुपये 40 पैसे झाले. भाजी 40 रुपये किलो धरली तर 50 ग्रॅमचे 2 रुपये. तेल 150 धरले तर 75 पैसे. बेरीज 5 रुपये 15 पैसे. उरला 1 रुपया 63 पैसे. त्यात मीठ, हळद, तिखट, मोहरी आणि गॅस. डाळीचा भाव दीडशेवर गेला, की यातले आणखी 60 पैसे गेले. टोमॅटो महागले, की भाजीचे प्रमाण कागदावर राहते आणि पातेल्यात पाणी वाढते. यात कुणाची लबाडी असलीच पाहिजे असे नाही. इतक्या पातळ फरकावर आपण कुणीही दुकान चालवले नसते.

ही योजना देशात आली 15 ऑगस्ट 1995 रोजी. आरंभी मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी नेण्यासाठी मिळे, आणि तो तांदूळ घरातल्या सगळ्यांत वाटला जाई. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्यावे असा आदेश दिला, तेव्हापासून शाळेत चूल पेटली. 2021 साली योजनेचे नाव बदलून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असे झाले. गावात मात्र तिला अजूनही 'खिचडी' म्हणतात. तांदूळ आला तो सरकारी गोदामातून. वऱ्हाडचे जुने अन्न ज्वारीचे. कण्या, भाकरी, तुरीचे वरण, हिवाळ्यात हिरव्या तुरीचे सोले, अंबाडीची भाजी हे या मातीचे खाणे शाळेच्या थाळीत क्वचितच दिसते.

तरी डाळ-तांदळाच्या जोडीला नावे ठेवू नयेत. तांदळातील प्रथिनात जे एक आवश्यक घटकद्रव्य कमी असते, ते डाळीत भरपूर असते. डाळीत जे उणे असते ते तांदूळ पुरवतो. दोन्ही एकत्र आल्यावर प्रथिन पूर्णत्वाजवळ जाते. शर्त एकच, डाळ पातेल्यात पुरेशी पडली पाहिजे. पिवळ्या पाण्याला वरण म्हणून भागत नाही.

येथे एक अवघड विषय काढतो, कारण तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य शासनाने या आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे किंवा फळ देण्याचे ठरवले. तेव्हा आपल्या समाजात नाराजी होती. जानेवारी 2025 मध्ये अंडी आणि साखर यांसाठी शासन वेगळा निधी देणार नाही, द्यायचे तर लोकसहभागातून द्यावे, असे ठरले. तेव्हा आपल्यापैकी अनेकांना बरे वाटले. मलाही वाटले. परंतु नंतर विचार केला, की ताटातून एक वस्तू गेल्याचा आनंद ज्यांना झाला, त्यांनी त्या जागी काय यावे याचे उत्तर दिले पाहिजे. अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने असतात. ज्यांच्या घरी ते खाल्ले जाते, त्या मुलांनी ते खावे की नाही, हे ठरवणारे आपण कोण? आपल्या तिथीला आपण आपल्या रीतीचे देऊ. पण तेवढेच सकस तरी देऊ.

आणि ते कठीण मुळीच नाही. 30 ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांत सात ग्रॅमांच्या आसपास प्रथिने असतात. शंभर मुलांना तीन किलो शेंगदाणे लागतात. किलोला 140 रुपये धरले तरी 420 रुपये होतात. दिवाळीत आपण ज्या काजूकतलीच्या पेट्या एकमेकांकडे फिरवतो, त्यांतल्या एका मध्यम पेटीची ही किंमत. भाजलेले चणे घेतले तरी हिशेब फारसा बदलत नाही. शाळेच्या पाककृतींत मोड आलेली कडधान्येही आहेत. आपल्यापैकी अनेक घरांत मोड वर्ज्य मानतात, पण म्हणून ती शाळेतून जावीत असे म्हणू नये. आपण देताना मोड न काढता भिजवलेल्या हरभऱ्याची उसळ द्यावी, म्हणजे आपला नियमही राहतो आणि मुलाचे पोटही भरते. ब-12 जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी. ते डाळीत किंवा दाण्यात नसते. शाकाहारी मुलाला ते दूध, दही, ताक यांतूनच मिळते, आणि हे शाळेतल्या मुलांइतकेच आपल्या घरातल्या मुलांनाही लागू आहे.

आणखी एक युक्ती मला एका निवृत्त शिक्षिकेने सांगितली. डाळी-उसळीतले लोह शरीरात नीट मुरायचे असेल तर सोबत आंबट फळ हवे. वरणावर लिंबू पिळण्याची आजीबाईंची सवय त्यामुळेच शहाणपणाची, आणि जेवणावर लगेच चहा पिण्याची आपली सवय तितकीच वेडेपणाची. आपला जिल्हा तर संत्र्याचा. वरुड-मोर्शीकडे आंबिया बहार निघतो तेव्हा आकाराने लहान म्हणून व्यापाऱ्याने बाजूला काढलेल्या संत्र्यांचे ढीग बागेच्या कडेला दिसतात. चवीत ती कमी नसतात. ज्यांचे त्या भागात व्यवहार आहेत, त्यांनी दोन क्रेट जवळच्या शाळेत पाठवण्यास कितीसे लागेल?

तेलाबद्दल मात्र सावध करतो. 16 जुलै 2013 रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन या गावच्या शाळेत दुपारच्या जेवणानंतर 23 मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात कीटकनाशक मिसळले होते. आपला मुलूख कापसाचा. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे येथे घराघरांत सापडतात, आणि धुऊन वापरायला घेण्याची खोडही आहे. शाळेला तेल द्यायचे असेल तर मूळ बंद डब्यातच द्यावे, सुटे कधीही देऊ नये. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकांनी अन्न चाखावे असा नियम आहे. दान देणाऱ्यानेही त्या दिवशी मुलांच्या पंगतीत बसून तेच अन्न खावे, असे मी सुचवीन. वेगळ्या खुर्चीवर, वेगळ्या ताटात नव्हे.

आता माझ्या दुकानाकडे येतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरांच्या आत, ज्यात चरबी, मीठ किंवा साखर अतिरिक्त आहे असे पदार्थ मुलांना विकता येत नाहीत. त्याआधी मे 2017 मध्ये राज्य शासनानेही शाळांच्या उपाहारगृहांतून असे पदार्थ बाद केले होते. हे नियम मी वर्तमानपत्रात वाचले होते आणि ते इतरांसाठी आहेत असे समजून पान उलटले होते. डाळीचे ते वाक्य कानात असताना एक दिवस मी शाळेच्या फाटकापासून आमच्या दुकानापर्यंत पावले मोजली. अठ्ठावन्न भरली. टेप लावला तर 41 मीटर. आणि आमच्या दुकानाच्या दर्शनी भागात काय लटकत होते? पाच-पाच रुपयांच्या चमचमत्या पुड्यांच्या माळा. मधल्या सुट्टीत त्यांचाच गल्ला सर्वांत जोरात. वर्षातून एक दिवस मी त्या मुलांना लाडू वाढत होतो आणि उरलेले दिवस त्यांची भूक पाच रुपयांत मारत होतो.

मी माळा काढायला सांगितल्या तेव्हा चिरंजीव म्हणाले, "बाबूजी, आपण नाही विकले तर समोरचा विकेल." हे खरेच होते. आजही समोरचा विकतो. आम्ही त्या जागी चणे-शेंगदाणे-गुळाच्या पुड्या, राजगिऱ्याचे लाडू आणि चिक्की ठेवली. पहिल्या महिन्यात त्या काउंटरची विक्री निम्म्याच्याही खाली आली. आता निम्म्यावर आहे. ती पूर्ण भरून निघेल असे मला वाटत नाही, आणि चिरंजीवांना तर मुळीच वाटत नाही. जेवताना हा विषय निघाला की ते ताटाकडे बघतात. पण माळा पुन्हा टांगल्या गेल्या नाहीत, हेही नमूद करतो.

दुकानानंतर पाळी आली घराची. आमचा नातू अमरावतीला इंग्रजी माध्यमात जातो. त्याच्या शाळेत खिचडी नसते, डबा असतो. आपल्या घरांत जमिनीखालचे काय चालते, काय चालत नाही, सूर्यास्तापूर्वी काय उरकावे, यांचा विचार पिढ्यान् पिढ्या सूक्ष्मपणे झाला आहे. पण पाकिटावर हिरवा ठिपका दिसला की हा सगळा विवेक सुट्टीवर जातो. हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो, पोषक असल्याचे नव्हे. साखर शाकाहारीच असते, मैदाही आणि पामतेलही. सूनबाईंनी एके दिवशी डब्यात गेलेल्या पाकिटांची मागची बाजू मला वाचून दाखवायला सांगितली. अक्षर इतके बारीक, की मी भिंग घेतले. एका छोट्या पाकिटात मीठ किती आणि साखर किती, हे वाचून दोघेही गप्प बसलो. आता आठवड्यातून चार दिवस डब्यात धिरडे, मुगाच्या डाळीचा चिला, थालीपीठ किंवा ज्वारीची भाकरी-झुणका असतो. पाचव्या दिवशी नातवाच्या मर्जीचे. मुलांशी तह करावा लागतो, युद्ध करून चालत नाही. भाकरी-झुणक्याच्या दिवशी डबा रिकामा येतो, पण तो त्याने खाल्ला की मित्राने, याबद्दल आम्ही चौकशी करत नाही.

हे लिहिताना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई वारंवार आठवतात. कर्मवीर कुंभोजचे, आपल्याच समाजात जन्मलेले. साताऱ्याला 1924 साली त्यांनी काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. चूल कशी पेटवायची याची चिंता असे तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, आणि शेवटी मंगळसूत्रही. 1930 साली त्या गेल्या. पुढे कऱ्हाडला 1954 मध्ये काढलेल्या महाविद्यालयाला कर्मवीरांनी गाडगे महाराजांचे नाव दिले. एका बाजूला थाळी विका म्हणणारे बाबा, दुसऱ्या बाजूला मुलांच्या थाळीसाठी सोने विकणाऱ्या लक्ष्मीबाई. आपल्याकडून कुणी आज दागिने मागत नाही.

मागितले जाते ते थोडे लक्ष. शाळेतल्या त्या बाई सकाळी नऊला येतात आणि भांडी घासून दुपारी उशिरा जातात. स्वयंपाकी-मदतनिसांसाठी केंद्राने 2009 साली ठरवलेले मूळ मानधन महिन्याला 1,000 रुपये, तेही वर्षाच्या दहा महिन्यांचे. राज्याने त्यावर भर घातली आहे, तरी आपल्या दुकानातील हमालाच्या मजुरीशी त्याची तुलना करण्याचे धैर्य मला झाले नाही. आम्ही त्यांना विचारले, तुम्हाला काय हवे? आमची अपेक्षा साडी किंवा पाकीट अशी होती. त्यांनी मागितला घट्ट झाकणाचा मोठा डबा, कारण डाळीला पोरकिडे लागतात. आणि एक जाड बुडाचे पातेले, कारण खिचडी खाली लागते आणि लागलेली मुले खात नाहीत. दोन्ही मिळून एका पंगतीच्या लाडवांपेक्षा कमी पैसे लागले.

यंदा गावातील तीन घरांनी मिळून ठरवले आहे, की आपापल्या तिथ्या एकाच आठवड्यात न घेता वर्षभरात पसरवायच्या, आणि काय द्यायचे ते आधी स्वयंपाकाच्या बाईंना विचारायचे. एक घर अजून लाडवांवर ठाम आहे. त्यांचा लाडू आम्ही राजगिऱ्याचा करून घेतला, एवढाच तूर्त विजय. आमच्या वडिलांची तिथी पुढल्या महिन्यात येते. शाळेकडून यादी आली आहे: तूरडाळ दोन किलो, हरभरे तीन किलो, शेंगदाणे तीन किलो, लिंबे पन्नास, ताकासाठी दही. सामान आदल्या दिवशी दुपारीच पोहोचवायचे आहे, कारण हरभरे रात्रभर भिजावे लागतात.